आबांच्या गाडीचा आऊट

हंबीरराव चौगल्यांकडे १९८६ सालची आरएक्स हंड्रेड मोटारसायकल आहे, हे कसबा बावड्यात सगळ्यांना माहीत आहे. तिची मूळची चाकं कुठे आहेत, हेही सगळ्यांना माहीत आहे. ती हंबीररावांच्या घरापासून वीस पावलांवर, भिंतीपलीकडे, त्यांच्या थोरल्या भावाच्या गोठ्यात खुंटीला टांगलेली असतात. तरीही गेलं सबंध वर्ष हा माणूस त्या चाकांसारखी चाकं कागलपासून इंडोनेशियापर्यंत शोधत होता, आणि मी त्यांचा शेजारी असल्यामुळे मागच्या सीटवर बसून तो शोध मलाही करावा लागला. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. मला भरपूर वेळ असतो, असं हंबीररावांना कुणीतरी सांगितलं होतं. बहुतेक माझ्या बायकोनंच.

आधी माणूस सांगतो. हंबीरराव साखर कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं बसले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. उसाच्या प्रत्येक गाडीत खाली दगड भरलेले असणार, असं धरून चालायची त्यांना सवय. डॉक्टरनं रक्तदाब सांगितला तरी ते मशीनकडे वाकून काटा शून्यावर होता का, ते विचारतात. माणूस दिलाचा मोकळा आहे. कुणाच्या मयताला, बारशाला, दवाखान्याला सगळ्यात आधी हजर. पण एकदा 'न्हाय' म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी 'व्हय' होत नाही. शब्दकोशात ईर्षा म्हणजे मत्सर असं दिलंय. आमच्याकडे लोक ती तालमीत जाऊन कमावतात, आणि हंबीररावांनी ती लहानपणापासून कमावली आहे.

आता गाडी. हंबीररावांच्या वडिलांनी, आबांनी, ती शहाऐंशीच्या दसऱ्याला घेतली. त्याच दिवाळीत ते गडहिंग्लजला दिलेल्या थोरल्या लेकीला, आक्काला, भाऊबीजेसाठी आणायला तिच्यावरून गेले. येताना कागलच्या पुढे एक खड्डा लागला. तो इतका मोठा होता की आबा पुढे त्याचं वर्णन करताना खड्ड्यात आपल्याला आधीच पडलेला एक माणूस भेटला, असं सांगायचे. मागची रिंग वाकली. चाक फिरताना डावी-उजवीकडे हलायला लागलं की मिस्त्री लोक त्याला 'आऊट' म्हणतात, आणि तारा आवळून ते सरळ करण्याला 'आऊट काढणं'. उद्यमनगरातल्या ख्वाजा मिस्त्रीनं, जो तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता, दोन दिवस तारा आवळल्या. बराच आऊट गेला, थोडा राहिला. आबा म्हणाले, राहू दे, गाडी पळतीय न्हवं. तेव्हापासून ती गाडी ठरावीक वेगाला गेली की मागून मंद डुलायची. आक्का तिला पाळणा म्हणायची. दर भाऊबीजेला आबा तिला त्या पाळण्यावरून माहेरी आणायचे, आणि परत सोडायचे.

आबा गेले आणि वर्षाच्या आत वाटणी निघाली. साल अठ्ठ्याण्णव. पाच पंच बसले. रान वाटलं, घराच्या मधोमध भिंत घातली, म्हशी वाटल्या, हंडे वाटले. पाटा एकाकडे आणि वरवंटा दुसऱ्याकडे गेला, त्यामुळे दोन्ही घरांत तेव्हापासून मिक्सर आहे. शेवटी राहिली गाडी.

"इकून टाका आणि पैसं वाटून घ्या," एक पंच म्हणाला.

"आबांची गाडी इकायची? तोंड सांभाळून बोला!" हंबीरराव आणि त्यांचा थोरला भाऊ कृष्णात, ज्याला सगळा गाव आण्णा म्हणतो, दोघं एकदमच ओरडले. दोघांचं एकमत झालेलं ते शेवटचं वाक्य.

एकाला गाडी आणि दुसऱ्याला म्हैस असं सुचवून झालं. दोघांनाही गाडीच पाहिजे. दुपारचे तीन वाजले. आत पांढरा रस्सा निवत चालला होता. एक पंच वैतागून, चेष्टेनं म्हणाला, "मग बॉडी हंबीरला, चाकं कृष्णाला. उठा आता!" बाकीचे हसत हसत पानावर गेलेसुद्धा. पण लिहून घेणारा गडी इमानदार होता. त्यानं स्टॅंपपेपरवर लिहिलं, 'चाके नग दोन, टायर-ट्यूबसह, कृष्णात यांचे वाटणीस.' जेवण झाल्यावर दोघांना सह्या करायला सांगितल्या, तेव्हा आधी माघार कोण घेतो ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कुणीच घेतली नाही. दोघांनी सह्या केल्या. त्याच संध्याकाळी आण्णानं पान्यानं चाकं काढून नेली आणि गाडी चार विटांवर बसली.

पुढे हंबीररावांनी तिला दुसऱ्या गाडीची चाकं घातली, मग बिनतारांचं मॅगव्हील घातलं, मग परत तारांची घातली. दर खंडेनवमीला भिंतीच्या अलीकडे हंबीरराव उसन्या चाकांच्या गाडीला झेंडूचा हार घालतात, आणि पलीकडे आण्णा गाडी नसलेल्या दोन चाकांना. नारळ दोन्हीकडे फुटतो. मी दोन्हीकडचा प्रसाद खातो, शेजाऱ्याला निवड नसते.

या सगळ्यात बोलायची राहिली ती आक्का. वाटणीनंतरच्या भाऊबीजेला ती आली, विटांवरची गाडी बघितली, भिंतीला वळसा घालून गोठ्यातली चाकं बघितली, आणि पिशवी खाली न ठेवता दारातच म्हणाली, "आबांची गाडी एका जागी हून मला न्यायला येईल, तवा ह्या घरात पाय ठेवतो. तवर न्हाय." आणि आल्या एस्टीनं परत गेली. (आमच्याकडे बायकाही 'ठेवतो', 'येतो'च म्हणतात, आणि आक्कानं म्हटलं की ते दुप्पट वजनानं म्हटलेलं असतं.) त्यानंतर सव्वीस वर्षं दोन्ही भाऊ भाऊबीजेला गडहिंग्लजला जातात. हंबीरराव सकाळच्या गाडीनं, आण्णा दुपारच्या, म्हणजे वाटेत तोंडं दिसायला नकोत. आक्का दोघांना चहा देते, चिवडा देते, गुडघे कसे आहेत ते सांगते. ओवाळत नाही. दोघंही हे कुणाला सांगत नाहीत, पण दोघांनीही मला सांगितलंय.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिचा फोन आला. नवरा गेल्यापासून ती एकटीच आहे. मुलगा बेंगळुरूत असतो. पुढच्या दिवाळीनंतर घराला कुलूप लावून कायमची तिकडे जाणार, एवढं तिनं सांगितलं आणि फोन ठेवला. हंबीरराव अंगणात आले. मग माझ्या कुंपणाशी येऊन म्हणाले, "मास्तर, पुढची भाऊबीज शेवटची. आक्काला आणायचीच. गाडीला ओरिजनल चाकं घालायची."

मी भिंतीकडे बोट केलं.

"ती सोडून," हंबीरराव म्हणाले.

पहिल्यांदा आम्ही ख्वाजाभाईकडे गेलो. मिसरूड फुटलेला तो पोरगा आता पांढऱ्या दाढीचा झालाय, पण चाक समोर फिरवून एक डोळा मिटला की केसाएवढा आऊट त्याला दिसतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली तार खाली ठेवली.

"हंबीरराव, रिंगा तुमच्या भिंतीपल्याड हायेत. मी स्वतः तारा आवळल्यात त्यांच्या. जावा, मागा."

"दुसरं बोल."

"दुसरं काय बोलू? शाऐंशीच्या गाडीच्या रिंगांवर 'जपान' असा ठसा असायचा. तसल्या रिंगा आता कुठं गावणार?"

झालं. ख्वाजाभाईच्या तोंडून 'जपान' हा शब्द गेला आणि पुढचे दहा महिने माझ्या नशिबात आले. कोल्हापुरात ओरिजनल या शब्दाला फार मान आहे. इथं प्रत्येक मिसळ ओरिजनल असते आणि तिच्या शेजारची नक्कल असते. चप्पल ओरिजनल, गूळ ओरिजनल, पैलवानाचा मोडलेला कानसुद्धा ओरिजनल. अशा गावात ठशाची चाकं म्हटल्यावर काय होणार? हंबीररावांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं गेलं. 'ओरिजनल जपान, कोल्हापूर जिल्हा'. त्याचे प्रमुख अमरसिंह म्हणून एक फरशीचे व्यापारी. त्यांच्याकडे आठ जुन्या गाड्या आहेत आणि आठही ते चालवत नाहीत, कारण चालवल्या की टायर झिजतो आणि टायर ओरिजनल आहे. या ग्रुपवर सकाळी सहाला देवाचे फोटो येतात आणि सातला भांडण सुरू होतं. एकदा तारेच्या टोकाला किती आटे असावेत यावरून दोन डॉक्टर आणि एक वकील ग्रुप सोडून गेले. हंबीररावांना मात्र तिथं घरच्यासारखं वाटलं. जगात खोट आहे हे त्यांना वजनकाट्यावर कळलंच होतं; आता ती भिंगानं बघायला मिळाली.

कागलला एकाकडे जोडी आहे असं कळलं. गेलो. त्या गृहस्थाच्या बायकोनं रिंगांवर पाण्याची टाकी ठेवली होती आणि टाकी भरलेली होती. आम्ही तिघांनी बादलीनं टाकी उपसली, तासभर. खाली निघाल्या त्या मोपेडच्या रिंगा. "पावणं, आता टाकी भरून जावा," ती बाई म्हणाली, आणि आम्ही भरून आलो.

मग कोडोली. तिथं उसाच्या फडाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एकजण बसला होता. त्यानं आम्हाला बसवलं, चहा मागवला, आणि दोन चकचकीत रिंगा पुढे ठेवल्या. हंबीररावांनी खिशातनं भिंग काढलं.

"ठसा दिसत न्हाय," ते म्हणाले.

"मारायचाय अजून," तो शांतपणे म्हणाला आणि त्यानं छिन्नी-हातोडी घेतली. "इंग्रजीत मारू का मराठीत?"

हंबीरराव उठले. मी कप तोंडाला लावलेला होता, तो तसाच ठेवावा लागला. चहा चांगला होता.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. घरात वहिनींचा, म्हणजे हंबीररावांच्या पत्नी वर्षाराणींचा, पारा चढत चालला. "पलीकडं हाक मारली तर ऐकू जातंय, आणि ह्यास्नी परदेशात फोन लावाय लागतोय," असं त्या मला ऐकवायच्या. जणू मीच फोन लावत होतो. आणि गंमत बघा, त्याच वर्षात त्यांचं आणि आण्णाच्या पत्नीचं, झुंबरबाईंचं, भिंतीवरून कालवण देणंघेणं चालू होतं. ते तर वाटणीपासून कधी थांबलंच नव्हतं. ईर्षा पुरुषांच्या वाटणीला आली होती, बायकांच्या नव्हे.

शेवटी अमरसिंहांच्या ओळखीनं इंडोनेशियातल्या एका गोदामात न वापरलेली जोडी सापडली. सप्टेंबरात खोकं आलं. ग्रुपमधली अकरा माणसं ते उघडताना हजर होती. त्यातल्या दोघांनी बूट बाहेर काढले. आत दोन रिंगा, जपानी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि ठसा अगदी जागच्या जागी. अमरसिंहांनी कागदाचा वास घेतला आणि डोळे मिटले. मग कागद हातोहात फिरला. हंबीररावांनी तो इस्त्री करून फ्रेममध्ये घातला आणि आबांच्या फोटोशेजारी लावला.

"काय लिवलंय त्यात?" वहिनींनी विचारलं.

"जपानीत हाय."

"कुणाच्या मयताची बातमी न्हवं न्हवं, ते बघा आधी," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

ख्वाजाभाईनं रिंगांत तारा ओवून चाकं भरली. छत्तीस तारा पुढे, छत्तीस मागे. या कामात तो कुणाशी बोलत नाही. चाक फिरवतो, डोळा मिटतो, एक तार पाव आटा आवळतो, परत फिरवतो. तीन दिवसांनी त्यानं चाक फिरवलं आणि ते फिरतंय का थांबलंय हेच मला कळेना. "शून्य," तो म्हणाला. "अख्ख्या जिल्ह्यात असलं चाक न्हाय." आणि मग गाडी सुरू करणाऱ्या हंबीररावांकडे बघून हळूच मला म्हणाला, "मास्तर, काम एक नंबर झालं. पण मला काय गोड लागंना झालंय."

जुन्या गाड्यांचा मेळावा झाला. तीन परीक्षक गाडीखाली पाठीवर झोपले आणि अर्ध्या तासानं बाहेर आले. गाडी अठ्ठ्याण्णव टक्के मूळ असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. दोन टक्के हॉर्ननं खाल्ले. हंबीररावांनी ते प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली ठेवलं, आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी मला न विचारता मागे बसवून ते निघाले गडहिंग्लजला. कागल, निपाणी, तिथून आत. गाडी कापसावरून चालल्यासारखी चालली होती. भाऊबीजेला आक्काला आणायला येणार, हे तिला गाडी दाखवून सांगायचं, असा बेत होता.

आक्काच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. भिंतीवर फोटो काढलेल्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. आक्का बाहेर आली, पदर खोचला आणि गाडीकडे बघत राहिली. मी तिचं तोंड बघत होतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी शपथेवर सांगतो.

"बसीव मला," ती म्हणाली.

दगडावर पाय ठेवून, गुडघा धरून ती मागे बसली. हंबीररावांनी तिला एस्टी स्टँडपर्यंत नेऊन आणलं. मी दारात उभा होतो. गाडी परत आली तेव्हा आक्काचे डोळे कोरडे होते.

"कुठली रं ही चाकं?" उतरता उतरता तिनं विचारलं.

"जपानची! सर्टिफिकेट हाय." हंबीरराव सीट उचलायला लागले.

"ऱ्हाऊ दे. ओरिजनल आसतील. आपली न्हाईत."

"आगं आक्का, शाऐंशी सालचीच हाईत. ठसा बघ की."

"पाळणा हलंना झालाय. आऊट कुठं गेला?"

इथं हंबीररावांनी छाती पुढे काढली. चुकीच्या वेळी छाती काढणं हा त्यांचा जुना गुण आहे. "काढला! ख्वाजानं केसभर ठेवला न्हाई."

"कुणाला इचारून काढलास?" आक्का म्हणाली.

हंबीररावांनी सीट परत बसवली. आक्कानं चहा दिला, चिवडा दिला, बेंगळुरूला मुलाचं घर सातव्या मजल्यावर आहे आणि लिफ्टची भीती वाटते, असं सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा ती दारात आली नाही.

परत येताना कागलच्या पुढे हंबीररावांनी गाडी बाजूला घेतली. आबांचा खड्डा इथंच कुठंतरी होता. आता तिथं डोक्यावरून पूल गेलाय आणि खालून सहापदरी रस्ता. "मास्तर, माझं काय चुकलं सांगा," ते म्हणाले. मला राग आला होता. दहा महिने मागच्या सीटवर बसून माझी कंबर गेली होती. मी म्हणालो, "वीस पावलं चुकली. गाडी काढा आता."

त्यांनी गाडी काढली. पुढचे काही दिवस ग्रुपवर लोक अभिनंदन करत होते, पण हंबीररावांनी ग्रुप उघडलाच नाही. पाडव्याच्या सकाळी गल्लीतून म्हशी पळवायला सुरुवात झाली होती. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली पुढे आणि नटवलेल्या म्हशी मागे. त्या गोंगाटात मी हंबीररावांना घरातून बाहेर पडताना बघितलं. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. भिंतीच्या टोकाला जाऊन ते थांबले. परत फिरले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, चला की जरा." सत्तावन्न साली जन्मलेला मी माणूस, साठीच्या माणसाचा हात धरून त्याच्या भावाकडे घेऊन गेलो. मोजली. वीस नव्हती, तेवीस पावलं होती.

आण्णा गोठ्यात म्हशीच्या शिंगांना लाल रंग लावत बसला होता. त्यानं वर बघितलं. ब्रश हातात तसाच राहिला. म्हशीलासुद्धा काहीतरी वेगळं घडतंय असं वाटलं असावं, ती रवंथ करायची थांबली.

हंबीररावांची नजर खुंटीकडे गेली. चाकं तिथंच होती. सव्वीस वर्षांची धूळ, गंज, जाळी, काहीच नव्हतं. तारांमधनं आरपार उजेड येत होता.

"गंजली न्हाईत," हंबीरराव म्हणाले. सव्वीस वर्षांनी भावाशी बोललेला हा पहिला शब्द.

"गंजतील कशी? दर अमुशाला तेलाचा बोळा फिरवतो."

"कशाला?"

आण्णानं ब्रश डब्यात ठेवला. "तू कवातरी मागाय येशील म्हणून," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "सव्वीस वर्सं वाट बघालोय, मर्दा. ह्या भिंतीवरनं नुसती हाक मारली आसतीस तरी टाकली आसती तिकडं."

हंबीररावांनी टोपी काढून तोंड पुसलं. मी म्हशीकडे बघत उभा राहिलो. असल्या वेळी कुठं बघायचं, ते चित्रकलेच्या शिक्षकालासुद्धा कळत नाही.

"मग दे आता," हंबीरराव म्हणाले. "उद्या आक्काला आणायचीय."

"न्हाय," आण्णा म्हणाला. त्यानं डोळे पुसले होते आणि तो परत चौगला झाला होता. "चाकं माझ्या वाटणीची हाईत. स्टॅंपवर लिवलंय. चाकं जातील तिथं मी जाणार."

हंबीररावांनी थोडा विचार केला. कायद्यानं बरोबर होतं. "बस मागं," ते म्हणाले.

सणाचा दिवस असूनही ख्वाजाभाई आला. पाडव्याचा फराळ खाऊन त्यानं इंडोनेशियाची चाकं काढली आणि आबांची बसवली. मागचं चाक फिरवलं. ते डावी-उजवीकडे डुललं. ख्वाजाभाईचा एक डोळा आपोआप मिटला, हात आपोआप पान्याकडे गेला, अडतीस वर्षांची सवय.

"आऊट काढू नगं!" दोघं भाऊ एकदम ओरडले.

ख्वाजाभाईच्या हातातनं पाना पडला. मग तो हसला, आणि हसता हसता त्यानं दाढीवरून हात फिरवला. वहिनी आणि झुंबरबाई दारात उभ्या होत्या. "एवढं एकच वाक्य बोलाय इतकी वर्सं लागली," झुंबरबाई म्हणाल्या.

भाऊबीजेला सकाळी निघालो. पुढे हंबीरराव, मागे आण्णा, आणि त्यांच्या मागे माझ्या स्कूटीवर मी, कारण गाडी वाटेत बंद पडली तर साक्षीदार पाहिजे, असं आण्णाचं म्हणणं. गाडी डुलत होती. दोघं म्हातारे तिच्याबरोबर डुलत होते, आणि कागलपर्यंत ते वळणं कशी घ्यावीत यावरून भांडत होते, ते मला मागून ऐकू येत होतं. निपाणीत चहाला थांबलो तेव्हा माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. मी विचारला.

"आक्का कुठं बसणार?"

दोघांनी गाडीकडे बघितलं. सीट एकच, माणसं दोनच बसणारी. माझ्या स्कूटीची मागची सीट रिकामी होती, पण चाकं सोडून आण्णा तिच्यावर येणार नव्हता आणि बॉडी सोडून हंबीरराव. ठसा, तारा, टायर, आऊट, स्टॅंपपेपर, सगळं मोजून झालं होतं. जागा कुणी मोजलीच नव्हती.

"ते तिथं गेल्यावर बघू," हंबीरराव म्हणाले. "आधी गाडी दावायची. गाडी एका जागी झाल्याली बघितली, की झालं."

गडहिंग्लजला आक्काच्या दाराशी हंबीररावांनी गाडी लावली. ती सरळ उभी राहावी म्हणून दोनदा पुढे-मागे केली. आण्णानं खाली बसून चाकावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. हंबीररावांनी हॉर्न दिला, तोच तो दोन टक्क्यांचा.

आक्का बाहेर आली. उंबऱ्यावर थांबली. तिनं हंबीररावांकडे बघितलं, मग आण्णाकडे, मग परत हंबीररावांकडे. गाडी तिच्यापासून चार हातांवर होती. तिकडे तिनं अजून बघितलंच नव्हतं.

"आक्का, बघ की," हंबीरराव म्हणाले. "चाकं आपलीच. आऊट काढलेला न्हाई."

"दोघं आलासा व्हय रं?" आक्का म्हणाली. "एकदम?"

"व्हय."

"मग ही गाडी कशाला आणलीसा?"

हंबीररावांनी गाडीच्या टाकीकडे बघितलं, आण्णानं चाकांकडे. आक्का ओवाळायचं ताट आणायला आत गेली.